ओला स्पिरुलिना, पावसाळा आणि आईचा कुकर: दाबाखालच्या गरम पाण्यानं अर्क निघतो का?

खारपाणवाला | १६ जुलै, रात्री ९:५२

मंडळी, नमस्कार. हा धागा शेतीत टाकू की विज्ञानात, हे ठरेना, म्हणून शेतीत टाकला. ॲडमिनना वाटलं तर हलवावा.

माझं गाव दर्यापूर तालुक्यात, अस्सल खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि वावराला दिलं तर जमीन चोपण होते. चार वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस गावात आला. "तुमचं हेच पाणी सोनं आहे," म्हणाला. टाकी बांधा, स्पिरुलिनाचं (खायचं निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते) बियाणं आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो. दोनदा उचलला, तिसऱ्यांदा फोन बंद. गावात आम्ही तिघं फसलो. बाकीच्या दोघांच्या टाक्यांत आता म्हशी पाणी पितात. मी मात्र नाद सोडला नाही, कारण त्याचं एक म्हणणं खरं होतं: आमच्या खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात हे खरंच वाढतं.

टाकी १० बाय ३ मीटरची, पाणी वीतभर. चांगल्या उन्हाच्या दिवशी कापडातून गाळून, दाबून सव्वा किलोच्या आसपास ओला लगदा निघतो. त्यातलं ८० टक्के पाणीच, म्हणजे वाळल्यावर पाव किलो. उन्हाळ्यात शेवया पाडतो तसा जाळीवर पाडला की दुपारपर्यंत कडकडीत होतो. पण मृग लागला की सगळं बसतं. संध्याकाळी ठेवलेला लगदा सकाळी मेलेल्या मासोळीसारखा वास मारतो. विजेचा ड्रायर लावावा तर शेतीची लाईन आठवड्यातून तीन दिवस रात्रीची.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा, वाळवता कशाला? दाबाखालच्या गरम पाण्यानं ओल्यातूनच अर्क काढतात. मग मी काय केलं, आईचा जुना पाच लिटरचा कुकर घेतला. अर्धा किलो लगदा, दोन लिटर पाणी, शिट्टी झाल्यावर बारीक आचेवर वीस मिनिटं.

उघडल्यावर वर फेस, खाली काळपट चोथा, आणि मध्ये जास्त शिजलेल्या मेथीच्या पाण्याच्या रंगाचा काढा. वास अर्धा उकडलेल्या अंड्याचा, अर्धा ओल्या पोत्याचा. चव खारट. आणि एक गोष्ट खटकली. हाच लगदा रात्रभर थंड पाण्यात राहिला तर पाणी शाईसारखं निळं होतं. कुकरमध्ये निळ्याचा मागमूस नाही.

प्रश्न असे, की हा काढा म्हणजे तो 'अर्क' का? निळं कुठं गेलं? आणि कुकरपेक्षा जास्त दाब लागतो म्हणतात, तो गावात जमतो का?

---

पऱ्हाटी | १६ जुलै, रात्री १०:२०

भाऊ, तुमच्या आईनं तो कुकर पाह्यला का? पह्यले ते सांगा, विज्ञान मंग पाहू.

---

खारपाणवाला | १६ जुलै, रात्री १०:२६

पाह्यला. आता तो कुकर घरात नाही, गोठ्यात आहे.

---

निरंक | १७ जुलै, सकाळी ७:१५

धागा आवडला. मी केमिकल इंजिनिअर, काही वर्षं नेमकं याच प्रकारच्या यंत्रावर काम केलंय. म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

भाचा बरोबर बोलला, पण अर्धंच. पाणी १०० अंशाला उकळतं ते आपल्या उघड्या हवेत. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की ते १०० च्या पुढेही पाणीच राहतं. घरचा कुकर हवेच्या दाबावर एक किलो दाब धरतो, म्हणून आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. ही कल्पना जुनी आहे. देनी पापँ यानं १६७९ साली हाडं शिजवायला असंच बंद भांडं केलं होतं. आता पुढे चला. पाणी १५० अंशांना द्रव ठेवायचं तर पावणेपाच बार लागतात (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेचा दाब), २०० ला साडेपंधरा, २५० ला जवळपास चाळीस. असं करत ३७४ अंश आणि २२१ बारला पोचलात की पाणी आणि वाफ हा भेदच संपतो. ते सुपरक्रिटिकल. आपण बोलतोय ते १०० ते ३७४ च्या मधल्या पाण्याबद्दल. त्याला सबक्रिटिकल म्हणतात. पत्रकं छापणारे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात, तेवढं जपा.

आता यात विशेष काय? हळद पाण्यात टाकली तर तळाशी बसते, तेलात टाकली तर रंग उतरतो. पाणी आपल्यासारख्याच स्वभावाच्या पदार्थांना जवळ करतं, मीठ, साखर वगैरे. हा स्वभाव मोजायचा एक आकडा आहे, डायइलेक्ट्रिक स्थिरांक. साध्या पाण्याचा ८० च्या जवळ. तेच पाणी द्रव ठेवून २०० अंशांना नेलं तर तो ३५ वर येतो, २५० ला २७ वर. थंड मिथेनॉलचा ३३, इथेनॉलचा २४. म्हणजे एक थेंब अल्कोहोल न घालता पाणी अल्कोहोलसारखं वागायला लागतं. जोडीला ते पातळ होतं, पेशीच्या फटींत शिरतं. शिवाय त्याचं स्वतःचं आम्ल-अल्कलीपण वाढतं, त्यामुळे प्रथिनं आणि पिठूळ पदार्थांच्या लांब साखळ्या बाहेरून आम्ल न टाकता तुटतात.

यात दाबाचं काम एकच, पाण्याला वाफ होऊ न देणं. तेवढा दाब मिळाला की त्यापुढे वाढवून फारसा फरक पडत नाही. खरी कळ तापमानाची. प्रयोगशाळेतल्या यंत्रात सोयीसाठी १०० बार ठेवतात, त्यावरून 'शंभर बार लागतात' असा समज पसरलाय.

ही पद्धत आधी शेवाळासाठी आली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या स्टीव्हन हॉथॉर्न आणि सहकाऱ्यांनी मातीत मुरलेले प्रदूषक काढायला ती वापरली. वनस्पती, शेवाळ हे नंतर.

निळ्याचं उत्तर सूक्ष्मदर्शिकाताईंसाठी ठेवतो, त्या येतीलच.

---

सूक्ष्मदर्शिका | १७ जुलै, दुपारी १:०५

आले. (पुसदला बारावीला जीवशास्त्र शिकवते, मधली सुट्टी आहे.)

दादा, तुमचं निळं शिजून मेलं. त्याचं नाव फायकोसायनिन. ते रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, आणि प्रथिनाची घडी ५० अंशांच्या पुढे उसवायला लागते. अंड्याचा पांढरा भाग शिजला की परत पातळ होत नाही, तसंच. कुकरमध्ये १२० ला ते टिकायचा प्रश्नच नाही. हिरव्याचंही तेच, क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम तापून सुटतो आणि रंग मेंदीवर जातो. तुम्ही मेथीची उपमा दिलीत ती अगदी नेमकी आहे, मेथीतही हेच घडतं.

निळं हवं असेल तर उलट्या दिशेनं जा. स्पिरुलिनाला लाकडी भिंत नाही, पेशी नाजूक. लगदा डब्यात भरून फ्रीजरमध्ये गोठवा, बाहेर काढून वितळू द्या, असं दोन-तीनदा. बर्फाचे खडे पेशी फोडतात. मग थंड पाण्यात भिजवून सावलीत गाळा. काचेच्या ग्लासात धरून मागून टॉर्च मारा आणि बाजूनं बघा, काय दिसतं ते इथं येऊन सांगा. मी सांगत नाही.

आणि मास्तरीण आहे म्हणून सांगते, स्पिरुलिना हे काटेकोर बोलायचं तर शेवाळच नव्हे, तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर वाढणारा जिवाणू. खरं सूक्ष्मशेवाळ म्हणजे क्लोरेला वगैरे. क्लोरेलाची भिंत चिवट असते. गरम दाबाच्या पाण्याची खरी गरज तिथं.

---

मामातलाव | १७ जुलै, रात्री ८:४०

भंडाऱ्याकडून रामराम. आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर पाऊस उघडला की हिरव्या रंगाची साय धरते, बादलीनं काढावी इतकी. टाकी नको, बियाणं नको, खर्च नको. हीच कुकरात घातली तर चालेल ना?

---

सूक्ष्मदर्शिका | १७ जुलै, रात्री ८:५१

नाही! हात जोडून सांगते, नाही.

उभ्या पाण्यावरची ती साय पुष्कळदा मायक्रोसिस्टिस नावाच्या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाची असते. तिचं विष यकृतावर जातं, त्याला मायक्रोसिस्टिन म्हणतात. आणि ते उकळून जात नाही. उलट उकळून पाणी आटवलंत तर विष घट्ट होतं. वरून शिजवल्यानं पेशी फुटून आत असलेलं सगळं पाण्यात येतं. असं पाणी पिऊन जनावरं दगावल्याच्या नोंदी जगभर आहेत. तुमच्याकडे साय दिसत असेल तर गुरं त्या काठाला नेऊ नका, वाऱ्यानं साय ज्या काठाला लागते तिथं तर मुळीच नको.

'निसर्गाचं आहे, शिजवलंय, म्हणजे चालतं' हे डोक्यातून काढा. दादांच्या टाकीत एकच जात वाढते, कारण तिथला पीएच ९-१० च्या वर असतो आणि तिथं दुसरं फारसं कोणी जगत नाही. तलावात तसं नसतं.

---

मामातलाव | १७ जुलै, रात्री ९:०२

बरं झालं विचारलं. उद्या पोरांना तिकडे पोहायला जाऊ देत नाही.

---

पऱ्हाटी | १७ जुलै, रात्री ९:३०

पीएचचं निघालं म्हणून इचारते. लोणारच्या पाण्यात पन हेच वाढते म्हणतात. मंग थेच पानी आनून टाकीत टाकलं तं?

---

खारपाणवाला | १७ जुलै, रात्री ९:४४

ताई, ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही गेलं. तिथनं बाटलीभर पाणी आणायचंही मनात आणू नका. पण मुद्दा खरा आहे. लोणारचं पाणीही सोड्याचंच, पीएच दहाच्या घरात, त्यामुळे स्पिरुलिनाला ते मानवतं. जगात ज्या तळ्यांतून लोक हे पूर्वापार खात आले, म्हणजे आफ्रिकेत चाड तळ्याच्या आसपासची लहान तळी, मेक्सिकोतलं टेक्सकोको, ती अशीच खारी. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं होतं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो, लॉकडाऊनमध्ये, पोलिसाचं बोलणं खाऊन. तो रंग खाऱ्या पाण्यातल्या वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा निघाला.

---

वाफवाला | १८ जुलै, पहाटे ५:३०

सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट आहे. रिटायर झालो तरी झोप चारला उघडते. हा धागा वाचून बीपी वाढलं म्हणून लिहितोय.

'कुकरपेक्षा जास्त दाब गावात जमतो का?' हा प्रश्न धागाकर्त्यानं विचारला, त्याला कोणी सरळ उत्तर दिलं नाही. मी देतो. वेल्डिंगवाल्याकडून पाइपाचा तुकडा दोन्हीकडून बंद करून, पऱ्हाट्यांच्या जाळावर ठेवून जमणार नाही. जमेल फक्त पंचनामा.

हिशेब बघा. २०० अंशांचं एक किलो पाणी अचानक मोकळं झालं तर त्यातलं १९ टक्के तत्क्षणी वाफ होतं. ती वाफ म्हणजे तीनशेवर लिटर, दोनशे लिटरचे दीड ड्रम. एका किलोतून, डोळा मिटायच्या आत. आणि उरलेलं पाणी १०० अंशांचं, ते अंगावर. वाफ दिसत नाही हे किती जणांना माहीत आहे? पांढरं दिसतं ते गार झालेलं धुकं. फ्लँजमधून, म्हणजे पाइपाच्या जोडातून, सुटलेली खरी वाफ दिसत नाही. आमच्याकडे गळती शोधायला लांब काठीला चिंधी बांधून पुढे धरत जायचो. चिंधी फडफडली की थांबायचं. हातानं चाचपडणारा माणूस मी एकदाच पाहिला.

कायद्याचंही सांगतो. १९२३ चा बॉयलर कायदा होता, आता २०२५ चा नवा आला. जुन्या कायद्यात २५ लिटरपेक्षा लहान किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाचं भांडं बॉयलरमध्ये मोजत नसत. म्हणून कोणी २४ लिटरचं भांडं करून 'मी कायद्याबाहेर' म्हणेल. वाफ लिटर मोजून फुटत नाही.

कुकरपर्यंत ठीक. त्यातही वेट व्हॉल्व्हचं भोक आधी तारेनं साफ करा. तुमचा हा लगदा फेसाळतो आणि चिकट आहे, डाळीपेक्षा लवकर भोक बुजवेल. अर्ध्याच्या वर भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह गेलेला असेल तर कंपनीचाच बसवा, खिळा ठोकून बुजवू नका. (हसू नका, पाहिलंय.)

---

खारपाणवाला | १८ जुलै, सकाळी ६:१०

काका, नमस्कार करतो. भोक खरंच बुजलं होतं हो. दुसऱ्या दिवशी काडी घातली तर हिरवी वात निघाली. मला वाटलं होतं शिट्टी कमी होतेय म्हणजे आच बारीक आहे.

---

वाफवाला | १८ जुलै, सकाळी ६:१४

देवानं वाचवलं म्हणा.

---

निरंक | १८ जुलै, रात्री १०:३५

काकांच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन. प्रयोगशाळेत हे भांडं ३१६ जातीच्या स्टीलचं, दाबाला तपासून घेतलेलं, रप्चर डिस्क (दाब वाढला की आधी फुटणारी चकती) लावलेलं असतं. आधी आतली हवा नायट्रोजननं घालवतात, नाहीतर हवेतला प्राणवायू तापलेल्या अर्काला जाळतो. ठरलेली पाच-वीस मिनिटं झाली की भराभर थंड करतात. यातलं काहीच गोठ्यात होणार नाही.

पण समजा झालंच, तर कोणत्या तापमानाला काय निघेल ते सांगतो. भाच्यालाही उपयोगी पडेल. ५० च्या आत निळं, ते ताईंनी सांगितलं. १०० ते १५० मध्ये पाण्यात विरघळणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा आणि प्रथिनं बाहेर येतात. तुमचा १२० चा काढा म्हणजे मुख्यतः हेच, अधिक मीठ. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, तो अर्कच आहे, पण सौम्य. १५० च्या पुढे प्रथिनं तुटून पेप्टाइड, अमिनो आम्लं होतात, आणि फिनॉल वर्गातले पदार्थ सुटतात. २०० ओलांडलं की साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत भिडतात, अर्क तपकिरी होतो, करपट वास येतो, एचएमएफ नावाचा नको असलेला पदार्थ वाढतो. २५० ते ३७० ला तर लगद्याचं काळं कच्चं तेल होतं. तो वेगळा उद्योग, खाण्याचा नाही.

इथं एक गंमत आहे. पत्रकांत लिहितात, 'आमच्या पद्धतीनं अँटिऑक्सिडंट अनेक पट.' २०१० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी क्लोरेला, समुद्री शेवाळं, रोझमेरी असे नमुने या पाण्यानं काढून तपासले. त्यांना दिसलं की जास्त तापमानाला जे अँटिऑक्सिडंट मोजले जातात त्यातले काही मुळात वनस्पतीत नव्हतेच, काढताना नव्यानं तयार झाले. भाकरीचा पापुद्रा तव्यावर खरपूस होतो ना, तीच रासायनिक क्रिया. म्हणजे यंत्रावर आकडा वाढला, पण तुम्ही शेवाळातलं काही जास्त काढलं नाहीत, शेवाळ भाजलंत. मी स्वतः पहिल्या वर्षी असाच एक उंच आलेख काढून खूश झालो होतो. सरांनी कुपी नाकाशी धरली आणि विचारलं, "कॉफी केलीस का?"

कॅरोटीन, अस्टाझँथिन, ओमेगा फॅट हे तेलकट पदार्थ हवे असतील तर हे पाणी त्यातल्या त्यात दुय्यम. तिथं कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो ३१ अंश आणि ७४ बारलाच सुपरक्रिटिकल होतो, थंडपणे काम करतो आणि झाकण उघडलं की उडून जातो, मागे काही उरत नाही.

---

वाफवाला | १९ जुलै, पहाटे ५:०५

आमच्याकडे सोयाबीनचं तेल हेक्झेन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवानं काढत. ६९ अंशांना उकळतं, ठिणगी पडली की संपलं. प्लांटमध्ये लोखंडी हातोडा चालत नसे, पितळेचा. पेंडीतून हेक्झेन उडवायला परत वाफच. तेव्हा निरंकसाहेब, पाणीच सॉल्व्हंट म्हणून चालतं म्हटल्यावर मला लगेच पटलं की लोक याच्यामागे का लागलेत. प्लांटचा निम्मा जीव तर आग सांभाळण्यात जायचा.

---

वरुडचा_आंबिया | १९ जुलै, सकाळी ११:२०

विषयांतराबद्दल माफी. संत्र्याच्या सालीलाही हे लागू आहे का? आमच्याकडे मृग-आंबिया दोन्ही बहारात गळ आणि चुरडा इतका निघतो की रस्त्याच्या कडेला ढीग पडतात.

---

निरंक | १९ जुलै, दुपारी २:००

लागू आहे, आणि मला विचाराल तर विदर्भात शेवाळाआधी तिथंच पैसा लावावा. सालीत हेस्पेरिडिन नावाचं उपयोगी द्रव्य असतं. साध्या पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, पण १६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटांत उतरतं, असे निष्कर्ष संत्रावर्गीय सालींवर छापून आलेत. कच्चा माल फुकट, टनानं, एका जागी. शेवाळाचं दुखणं नेमकं हेच की ते दिवसाला पाव किलो निघतं. वेगळा धागा काढा, येतो.

---

खारपाणवाला | १९ जुलै, रात्री ९:१५

सगळं ठीक. पण मी माझ्या पाव किलोचं काय करू, यावरच अडलोय.

---

निरंक | १९ जुलै, रात्री ११:१०

तुमचा मूळ मुद्दा वाळवण्याचा होता, तिथं येतो. एक किलो पाणी ३० वरून २०० अंशांना नेऊन द्रवच ठेवायला साधारण ०.२ युनिट ऊर्जा लागते. तेच एक किलो पाणी उडवून टाकायला, म्हणजे वाळवायला, ०.७ युनिट. साडेतीन पट. शिवाय पहिल्या बाबतीत गरम अर्काची उष्णता पुढच्या थंड लगद्याला देता येते. म्हणून ओल्या लगद्यावर थेट काम करण्याचं सगळ्या जगाला आकर्षण. कागदावर हे फार सुंदर दिसतं.

---

पऱ्हाटी | १९ जुलै, रात्री ११:२४

थांबा जी. यायनं अर्धा किलो लगद्यात दोन लिटर पानी टाकलं. मंग काढा झाला दोन-अडीच लिटर. थो इकाचा असन तं परत आटवाच लागन ना? आधी अर्ध्या किलोतलं पानी उडवाचं होतं, आता अडीच लिटरचं. मले तं हा धंदा उलटाच दिसून रायला.

---

निरंक | १९ जुलै, रात्री ११:३१

ताई, तुम्ही माझ्या व्हायव्हाला असता तर मी नापास झालो असतो. बरोबर आहे. हा फायदा फक्त अर्क पातळच वापरायचा असेल तेव्हाच. भुकटी करून विकायची असेल तर तो हिशेब फिरतो.

---

सूक्ष्मदर्शिका | २० जुलै, सकाळी ७:००

मग पातळच वापरायचं काय, हा प्रश्न. मला दोन गोष्टी दिसतात. एक, पिकावर फवारणी. अमिनो आम्लं, पेप्टाइड असलेले शेवाळाचे अर्क झाडाला उत्तेजक म्हणून दिले जातात, त्यावर बराच अभ्यास झालाय. दोन, काढाबिढा काहीच नको, ताजा लगदा त्याच दिवशी ढेपेत कालवून जनावरांना. थोड्यापासून सुरू करा.

खायला विकणार असाल तर एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स आणि जड धातूंची तपासणी लागेल. ही जात पाण्यातले धातू अंगात ओढून घेते. बोअरचं पाणी आहे म्हणून जास्तच काळजी.

---

खारपाणवाला | ९ ऑगस्ट, रात्री ८:३०

थोडा उशीर झाला, सोयाबीनवर फवारण्या चालू होत्या.

ताई, गोठवून बघितलं. तीनदा. फ्रीजरमधल्या बर्फाच्या ट्रेचा आता तोच रंग आहे, तो विषय वेगळा. पाणी असं निळं झालं की निळीची पुडी फुटल्यासारखं. आणि टॉर्चचं सांगायचं तर, मी आधी समजलो डोळ्यांचा खेळ. समोरून निळं, बाजूनं बघितलं तर लाल. लालच. रक्तासारखी झाक. आईला बोलावून दाखवलं, ती म्हणाली, असं काही पोटात घेऊ नको रे बाबा.

निळं दोन दिवसांत फिकं पडलं आणि वास आला.

बकऱ्यांना सरकीच्या ढेपेत मूठभर लगदा दिला. पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवसापासून घमेलं चाटून पुसून. आता पावसाळ्यातला लगदा तिकडेच जातो. वाळवणं नाही, वास नाही.

---

सूक्ष्मदर्शिका | ९ ऑगस्ट, रात्री ८:४५

लाल झाक म्हणजे फ्लुओरेसन्स. फायकोसायनिन नारिंगी-लाल उजेड पितं आणि त्याहून गडद लाल उजेड परत फेकतं. वर्गात दाखवायला एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. एक बाटली गोठवून पुसदला कोणी येत असेल तर पाठवा.

---

वाफवाला | १० ऑगस्ट, पहाटे ४:५०

व्हॉल्व्ह बदलला का?

---

खारपाणवाला | १० ऑगस्ट, सकाळी ६:३०

बदलला काका. गॅस्केट पण.

---

खारपाणवाला | २ डिसेंबर, रात्री ९:०५

धागा वर आणतोय. ऑक्टोबरमध्ये ऊन परत आलं तसा लगदा वाढला, बकऱ्यांना पुरून उरला. म्हणून कुकरचा काढा हरभऱ्यावर मारून बघितला. काकांच्या अटी पाळून: अर्धा कुकर, एक शिट्टी, वीस मिनिटं, वाफ आपोआप उतरल्याशिवाय झाकणाला हात नाही. गाळून, दहापट पाणी घालून, चार ओळींवर. शेजारच्या चार ओळी कोऱ्या. पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा.

फरक पडला, पण भलताच. फवारलेल्या ओळींची पानं शेंड्याकडून करपली. कडेनं पिवळी रेघ, मग तपकिरी. हिरवेपणात, उंचीत, फुलांत मला तरी काही वेगळं दिसलं नाही. दोन रात्री झोप नाही. मग लक्षात आलं: लगदा टाकीच्या पाण्यासकट कुकरात गेला, आणि टाकीचं पाणी म्हणजे सोडा आणि मीठ. मी हरभऱ्यावर खारपाण शिंपडलं. ज्या पाण्यापासून वावर वाचवायला बाप आयुष्यभर धडपडला, तेच मी पोरानं पंपानं मारलं.

लगदा धुवायला पाहिजे होता. धुवायला सुरुवात केली बोअरच्या पाण्यानं! दोन दिवस तसं धुतल्यावर पऱ्हाटीताईंची आठवण झाली, त्यांनी लगेच पकडलं असतं.

---

पऱ्हाटी | २ डिसेंबर, रात्री ९:१८

खाऱ्या पान्यानं मीठ धुतलं. बाप्पा बाप्पा.

---

निरंक | २ डिसेंबर, रात्री १०:००

कोऱ्या ओळी ठेवल्यात हे फार चांगलं केलंत, नाहीतर दोष थंडीवर गेला असता. पुढच्या वेळी तीन प्रकार करा: धुतलेल्या लगद्याचा काढा, नुसतं साधं पाणी, आणि टाकीचं गाळलेलं पाणी तेवढंच पातळ करून. तिसऱ्यात पानं करपली तर मीठच, शंका उरणार नाही. आणि फवारण्याआधी काढ्याचा ईसी, म्हणजे त्यातून वीज किती वाहते ते, मोजा, मीठ किती आहे ते लगेच कळतं.

---

खारपाणवाला | ३ डिसेंबर, सकाळी ७:२०

शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी अजून कमरेएवढं आहे, आता त्यानंच तीनदा धुतो. तिसऱ्या धुण्याचं पाणी जिभेला लावलं, खारट लागलं नाही. पण जिभेवर भरवसा नाही, आमच्या जिभा इथल्याच पाण्यावर वाढल्या. नव्या चार ओळी आखून ठेवल्यात.

कोणाकडे ईसी मीटर पडून असेल तर आठवडाभरासाठी द्याल का? दर्यापूर-अकोट रस्त्यावर कुठंही येऊन घेऊन जाईन, आणि परत आणून देईन.